सेल्फ, डायनामो आणि चाचणीचा दिवा

गाडी जुनी झाली की आधी इंजिन थकतं, असा आपला समज असतो. पण ज्यांनी फियाट किंवा अँबॅसडर पाळली आहे, त्यांना ठाऊक आहे की बहुतेक वेळा आधी रुसते ती वीज. किल्ली फिरवावी, 'टक्' असा आवाज यावा आणि पुढे सगळं शांत. मग शेजारचे चौघे बाहेर येतात. आमच्या बार्शीत गाडीला धक्का देणं हा शेजारधर्मच होता.

एकेकाळी मोटारीत सुरू करण्यापुरती वीज नव्हतीच. पुढे लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवावं लागे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ मध्ये तो कॅडिलॅक गाडीत बसला. आपले मिस्त्री ज्याला नुसतं 'सेल्फ' म्हणतात, तो हाच. पण सेल्फला दमदार बॅटरी हवी, बॅटरी भरायला डायनामो हवा आणि डायनामोची वीज उलटी फिरू नये म्हणून कटआउट हवा. अशी साखळी तयार झाली.

या साखळीचा आपल्या जिल्ह्याशी जवळचा संबंध आहे. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे सरकारने धोरण ठरवलं की, परदेशी सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांना इथे जागा नाही, भाग इथेच बनले पाहिजेत. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये मुंबईतली जुळणी बंद केली. त्याच वर्षी आमची बार्शी लाईट रेल्वेही सरकारने विकत घेतली. १९६१ मध्ये मद्रासकडे लुकास-टीव्हीएस ही कंपनी निघाली आणि सेल्फ, डायनामो देशात बनू लागले. कुर्ल्याच्या फियाटला सत्तरच्या दशकात चितोडच्या राणीचं नाव मिळालं : पद्मिनी.

गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. त्यामुळे जी हाती आहे ती टिकवणं भाग होतं. सेल्फ जळाला तर नवा आणायचा नाही, आर्मेचर पुन्हा गुंडाळायचं. कार्बन झिजले तर बदलायचे. गावोगाव 'ऑटो इलेक्ट्रिशियन' अशा पाट्या लागल्या. त्या दुकानांतून उस्ताद आणि शागीर्द तयार झाले. त्यातल्या अनेकांना इंग्रजी वाचता येत नसे, पण तारेच्या रंगावरून ती कुठून कुठे जाते हे ते सांगत.

त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे बारा व्होल्टचा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन तारा. एक तार बॉडीला लावायची आणि दुसरी बॅटरीपासून पुढे एकेका जोडावर टेकवत जायचं. दिवा पेटतो तिथवर वीज आहे. जिथे विझला, त्याच्या अलीकडे दोष. घरीही हे जमतं. हेडलाईट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. क्वचित सेल्फच अडकलेला असतो. दिवे लख्ख राहिले आणि सेल्फ फिरला नाही, तर दोष सोलेनॉईड, किल्लीचा स्विच किंवा सेल्फच्या कार्बनमध्ये शोधावा. टर्मिनलवरची पांढरी बुरशी सोड्याच्या पाण्याने धुवावी. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजली असेल, तर नवी बॅटरीही उपयोगाची नाही. साधा मीटर असेल, तर उभ्या गाडीत चांगली भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या किंचित वर दाखवते. इंजिन थोडं रेस केल्यावर आकडा चौदाच्या आसपास गेला नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, चार्जिंग तपासा.

दोन पथ्यं मात्र पाळावीत. तारांना हात घालण्याआधी बॅटरीची अर्थची तार काढावी आणि बॅटरीजवळ काडी ओढू नये, कारण तिच्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. फ्यूज उडाला म्हणून तिथे जाड तार गुंडाळणं म्हणजे वायरिंगला आग लावणं.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. नव्या गाड्यांत संगणक आहे आणि दोष सांगायला स्कॅनर लागतो. त्या कमी धूर सोडतात, पावसात बंद पडत नाहीत, हे मान्यच करायला हवं. पण आकडा दाखवणारं यंत्र आणि दोषाचं कारण समजणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जोडाजोडावर दिवा टेकवत जाणाऱ्या उस्तादाने आपल्याला एक सवय लावली होती : अंदाजाने भाग बदलायचा नाही, आधी वीज कुठवर येते ते पाहायचं. त्या कारागिरांचा इतिहास कुठल्या दफ्तरात नाही. त्यातले जे आज हयात आहेत, त्यांच्याजवळ बसून तो लिहून घ्यायला हवा. कारखान्यांचे इतिहास लिहिले गेले आहेत, पण त्या कारखान्यांच्या गाड्या चाळीस-चाळीस वर्षं चालत्या ठेवल्या त्या या हातांनी.