मंत्र्याचे ज्ञान आणि सह्याद्रीचा अहवाल

पर्यावरणखात्याचा मंत्री त्या विषयाचा जाणकार असावा काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा मंत्र्याच्या पदव्या मोजून निकालात काढला जातो. आम्हांस ही मोजणी अपुरी वाटते. ऑक्सफर्डहून पदवी न घेताच परतलेल्या इंदिरा गांधी काही वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हत्या. पण सायलेंट व्हॅलीबाबत त्यांनी सालिम अलींसारख्यांचे ऐकले, एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९८४ साली ते अरण्य राष्ट्रीय उद्यान ठरले.

सह्याद्रीचे तसे झाले नाही. आयआयटीचे अभियंते असलेल्या जयराम रमेश यांनी मार्च २०१० मध्ये माधव गाडगीळ यांचा तज्ज्ञ गट नेमला. ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल आला तेव्हा रमेश त्या खात्यात उरले नव्हते. माहितीच्या अधिकाराचे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा कुठे मे २०१२ मध्ये तो लोकांना दिसला. ज्या अहवालाने ग्रामसभांना विचारा म्हटले, तोच ग्रामसभांपासून दूर ठेवावा! यात अज्ञान कोठे आहे? मजकूर नीट समजला होता म्हणूनच तो दडला, असे आमचे मत.

पुढे अवकाशशास्त्रज्ञ कस्तुरीरंगन यांच्या गटाने २०१३ मध्ये संवेदनशील क्षेत्र घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर आणले. तज्ज्ञावर उतारा म्हणून तज्ज्ञच सापडला. त्यानंतर मंत्री बदलत गेले, मसुदे निघत राहिले. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये दरडी कोसळल्या. सहाव्या मसुद्यावर तारीख आहे ३१ जुलैची.