काचेच्या नळीतली वीस मिनिटे

१/ शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे सह्याद्रीला टेकलेले तालुके. एकात माहुलीचा किल्ला, दुसऱ्यातून माळशेज घाटाकडे जाणारी वाट. पाऊस सुरू झाला की येथे भातलावणीची लगबग उडते. बांधावर, गवतात, पेंढ्यात हात घालावाच लागतो. सर्पदंशाचा हंगामही तोच.

२/ भारतातील बहुतेक जीवघेणे दंश चार सापांचे मानले जातात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यांपैकी घोणस व फुरसे रक्तावर घाला घालतात. त्यांच्या विषबाधेची परीक्षा तालुक्याच्या रुग्णालयातही करता येते. दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोऱ्या काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग नळी तिरपी करायची. रक्त न गोठता ओघळले, तर विष चढले आहे. ना यंत्र लागते, ना वीज.

३/ त्या वीस मिनिटांत नळीत काय घडते? रक्तात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन विरघळलेले असते. काचेच्या स्पर्शाने सुरू झालेल्या साखळीच्या शेवटी थ्रॉम्बिन तयार होते आणि ते या प्रथिनाचे लहान तुकडे छाटते. त्यामुळे रेणूवर खुंट्या उघड्या पडतात. शेजारच्या रेणूवर त्या खुंट्यांच्या मापाच्या खाचा आधीच असतात. खुंटी खाचेत बसते, धागे होतात, धाग्यांचे जाळे होते. ते कोणी विणत नाही, रेणू आपणच रचले जातात. रसायनशास्त्र याला स्वयंरचना म्हणते.

४/ विष नेमके येथेच घात करते. फुरशाचे विष प्रोथ्रॉम्बिनला परस्पर जागे करते, तर घोणशीचे विष त्याआधीच्या घटकांना. शरीरात जागोजागी फायब्रिन बनू लागते व विरघळते आणि फायब्रिनोजेन संपून जाते. गोठवणारेच विष अखेर रक्त गोठू देत नाही. याच गुणाचा उलटा उपयोग मॅकफार्लेन व बार्नेट यांनी १९३४ मध्ये सुचवला: हिमोफिलियाच्या रुग्णाच्या जखमेवर घोणशीचे पातळ केलेले विष.

५/ उताऱ्याची कथा त्याआधीची. १८९०च्या दशकात आल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावर प्राण्यांच्या रक्तापासून लस तयार केली. ती सर्वच सापांवर चालेल, अशी त्यांची धारणा होती. मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत जॉर्ज लॅम्ब यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले, की नागावरची लस घोणशीपुढे निरुपयोगी ठरते. परळच्या जुन्या राजभवनातील हीच प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

६/ यातून धडा मिळाला, की प्रत्येक विषाचा उतारा वेगळा. म्हणून घोड्यांना चारही सापांची विषे अल्पमात्रेने टोचून बहुसंयुजी प्रतिविष तयार होऊ लागले. हाफकिनने ते महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचवले. येथे ‘बहुसंयुजी’ म्हणजे अनेक सापांवर चालणारे.

७/ रसायनशास्त्रात मात्र या शब्दाला दुसरा अर्थ आहे: अनेक हातांनी धरणारे. १९३४ मध्येच जॉन मॅरॅक यांनी मांडले, की प्रतिपिंडाला एकाहून अधिक बंधनस्थाने असावीत. तसे असेल तरच प्रतिपिंड व परके प्रथिन मिळून जाळे बनते आणि परीक्षानळीत साका दिसतो.

८/ दोन हातांचे महत्त्व ओढा ओलांडणाऱ्यांना कळते. फांदी एका हाताने धरली आणि तो हात सुटला, की माणूस वाहून जातो. दोन्ही हातांनी धरली असेल, तर एक निसटला तरी दुसरा टिकतो आणि पहिल्याला पुन्हा पकड घ्यायला अवधी मिळतो. रेणूंचेही तसेच: दुबळे बंध एकत्र आले, की पकड नुसत्या बेरजेहून कितीतरी घट्ट होते.

९/ भारतात आज मिळणारे प्रतिविष याच तत्त्वावर उभे आहे. घोड्याच्या प्रतिपिंडाची शेपटी पेप्सिनने कापून टाकतात, दोन्ही हात मात्र जोडलेलेच ठेवतात.

१०/ अशा सुट्या बंधांचे शास्त्र अतिरेणवीय रसायन म्हणून नावारूपाला आले. १९८७ चे रसायनशास्त्राचे नोबेल क्रॅम, लेन आणि पेडरसन यांना त्यासाठीच मिळाले. १९९८ मध्ये व्हाइटसाइड्स व सहकाऱ्यांनी बहुसंयुजी पकडीचा सविस्तर आढावा घेतला. घोड्याच्या रक्तातील ही विद्या तोवर शतकभर माणसे वाचवत होती.

११/ या विद्येला मर्यादाही आहेत. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते, डंखाची खूण अनेकदा दिसतही नाही. तिचे विष नसांवर जाते, म्हणून नळीतले रक्त नीट गोठते आणि तरीही श्वास थांबू शकतो. तेथे पापण्या जड होत आहेत का, हे पाहावे लागते.

१२/ प्रतिविष फिरत्या विषाला धरते, संपलेले फायब्रिनोजेन परत आणत नाही. ते यकृताला नव्याने घडवावे लागते. म्हणून मात्रा दिल्यावर सुमारे सहा तासांनी पुन्हा तीच नळी, तीच वीस मिनिटे. भगताच्या अंगणात किंवा गाडीची वाट पाहण्यात गेलेला वेळ या हिशेबात भरून निघत नाही. पाड्यापासून रुग्णालयापर्यंतचा रस्ता हाही उपचाराचाच भाग आहे.