धारवाडची शाळा आणि हुबळीची वसाहत

कैदेतून परतलेल्या मुलाला मंडळीने कसे स्वीकारावे, हा प्रश्न बहुधा दयेचा म्हणून मांडला जातो. हुबळी-धारवाडचा इतिहास पाहता तो प्रथम न्यायाचा आहे, असे आम्हांस वाटते.

ही जुळी शहरे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होती. १९२९ च्या मुंबई बोर्स्टल शाळा कायद्याने १६ ते २१ वर्षांच्या अपराध्यांना सराईत कैद्यांपासून दूर ठेवून शिक्षण व उद्योग देण्याची सोय केली. अशी शाळा धारवाड येथे चालविण्यात आली. मुदतीपूर्वी मुलाला परवान्यावर सोडता येई. मात्र त्याच्या देखरेखीची जबाबदारी पत्करणारी व्यक्ती वा संस्था लागे. म्हणजे त्याची सुटका केवळ त्याच्या वर्तनावर नव्हे, तर बाहेर कोणी त्याला आपला म्हणतो की नाही, यावरही अवलंबून होती.

त्याच काळी हुबळीत ‘गुन्हेगार जमाती’ ठरविलेल्या लोकांची वसाहत होती. १९२४ च्या कायद्यान्वये अशा जमातींच्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना आईबापांपासून काढून औद्योगिक वा सुधारणा शाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. त्यासाठी मुलाने अपराध केलेला असण्याची गरज नव्हती. जन्म पुरेसा होता. अशा वसाहतींच्या कारभारात मिशनरीही सहभागी झाले. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनने काही काळ ती जबाबदारी वाहिली. त्यांच्या सेवेचे स्मरण आम्ही कृतज्ञतेने करतो. परंतु सुवार्ता सांगणारे व हजेरी घेणारे एकाच व्यवस्थेत काम करीत होते, हेही लपविता येत नाही.

१९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. शिक्का मात्र सहजी पुसला गेला नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याने नव्या आरंभाचे तत्त्व मान्य केले आहे. काही गंभीर अपवाद वगळता बालवयातील दोषामुळे पुढे अपात्रता येत नाही, व त्याची नोंद नष्ट करावयाची असते. पण गावाची स्मृती कायद्याने नष्ट होत नाही. तेथे आपले काम सुरू होते.

येथे एक भेद ध्यानी ठेवावा. धारवाडच्या मुलाला क्षमेची गरज होती. हुबळीच्या मुलाची क्षमा मागणे आवश्यक होते. ज्याने अपराध केलाच नाही, त्याच्याकडून पश्चात्ताप मागणे हा दुसरा अन्याय होय. आणि ज्याने अपराध केला, त्याला फिलेमोनाच्या पत्रातील पौलासारखा कोणी हवा. पौलाने अनेसिमाला नुसते परत पाठविले नाही. त्याचे देणे स्वतःच्या नावे मांडावयास सांगितले. आपल्या मंडळीत असा मुलगा परतला, तर व्यासपीठावरून त्याची साक्ष मागण्याआधी त्याला हुन्नर शिकविणारा एक कारागीर शोधावा, आणि त्याचा जामीन म्हणून आपण उभे राहावे.