सौर विद्युत्, मरुप्रदेशातील

सौर विद्युत्, मरुप्रदेशातील : वाळवंटातील प्रखर सूर्यप्रकाशापासून मोठ्या प्रमाणावर केली जाणारी वीजनिर्मिती. आरशांनी उष्णता एकवटून वाफेवर जनित्र चालविणे व प्रकाशविद्युत् घटांच्या साहाय्याने थेट वीज मिळविणे, अशा तिच्या दोन प्रमुख पद्धती होत.

पहिल्या पद्धतीच्या इतिहासातील एक आरंभीचा प्रयोग वाळवंटात नव्हे, तर मुंबईत झाला. फ्रान्समधील ऑग्यूस्तँ मूशो यांनी अंतर्वक्र आरशावर वाफेचे एंजिन चालविले होते. तथापि तसा आरसा फार मोठा करणे अवघड होते. म्हणून मुंबईतील इंग्रज अधिकारी विल्यम ॲडम्स यांनी अनेक लहान सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडून त्यांचा प्रकाश एकाच बाष्पित्रावर पाडला आणि सु. अडीच अश्वशक्तीचे एंजिन चालविले (१८७८). पुढील काळातील सौर मनोऱ्यामागील तत्त्व हेच होय. मात्र कोकणात सूर्य बाराही महिने हाती लागत नाही. पनवेल, उरण, पेण या भागांतील मिठागरांत खाडीचे पाणी उन्हाने आटवून मीठ काढतात, तेही पावसाळा लागताच थांबते. निरभ्र आकाश व विस्तीर्ण जमीन यांमुळे अशा प्रयत्नांचे क्षेत्र वाळवंटाकडे सरकले.

अमेरिकन अभियंते फ्रँक शूमन यांनी ईजिप्तमधील मादी येथे पन्हळीसारख्या अन्वस्तीय आरशांवर शेतीसाठी पाणी उपसणारे संयंत्र उभारले (१९१३). पहिले महायुद्ध व नंतरचे स्वस्त खनिज तेल यांमुळे ते मागे पडले. १९७३ च्या तेलसंकटानंतर कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात १० मेगॅवॉटचा सौर मनोरा (१९८२) व १९८४–९० मध्ये एकूण ३५४ मेगॅवॉटची नऊ संयंत्रे उभी राहिली. घट स्वस्त झाल्यावर दुसरी पद्धत पुढे गेली. राजस्थानातील भडला सौर उद्यानाची क्षमता सु. २,२४५ मेगॅवॉट आहे. महाराष्ट्रात साक्री (जि. धुळे) येथील १२५ मेगॅवॉटचा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला.

इंधन फुकट असले, तरी जमीन फुकट नसते. ओसाड म्हणून नोंदलेल्या जमिनी बहुधा गुरांची चराऊ राने असतात. थरच्या वाळवंटात वीजवाहक तारांना आपटून माळढोक पक्षी मरू लागल्याने सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्या तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये तो शिथिल करून प्रश्न तज्ञ समितीकडे सोपविला. मूशो, ॲडम्स व शूमन यांच्यापुढे इंधनाच्या किंमतीचा प्रश्न होता. आता त्याची जागा जमिनीच्या प्रश्नाने घेतली आहे.