पाळीव सशांच्या जाती

येऊरच्या रानात झुडपातून उडी घेणारा ससा आणि कल्याणच्या बाजारात पिंजऱ्यात विकायला ठेवलेला पांढरा ससा, या दोघांना आपण एकाच नावाने ओळखतो. वस्तुतः त्यांचे नाते फार दूरचे आहे. आपला रानससा बीळ खणत नाही. त्याच्या मानेवर काळा पट्टा असतो आणि पिल्ले अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. पाळीव सशाची पिल्ले उघडीबोडकी व आंधळी असतात. पाळीव सशाच्या जाती कितीही असोत, घराणे एकच. स्पेन-पोर्तुगालकडचा बिळात राहणारा ससा हा त्या सर्वांचा पूर्वज.

रोमन लोक त्याला भिंतीच्या आवारात कोंडून मांसासाठी ठेवीत. परंतु आजच्या बहुतेक जाती गेल्या दीड-दोनशे वर्षांतल्या, आणि त्या माणसाच्या गरजेने घडविल्या. बेल्जममधले गेंट हे कापडगिरण्यांचे शहर. त्याच मुलुखातला ‘फ्लेमिश जायंट’ सहा किलोंच्याही वर भरतो. युरोपातला गरीब कामगार परसात ससे पाळी, भाजीच्या पाल्यावर वाढवी आणि सणाला त्याचेच मांस शिजवी. आमच्या गिरणी कामगाराला हे जमले नसते. चाळीला परस कुठले? ‘रेक्स’ 1919 साली फ्रान्समधल्या एका शेतावर निपजला. त्याचे वरचे राठ केस आतल्या लवेइतकेच आखूड, त्यामुळे अंग मखमलीसारखे; साहजिकच फरवाल्यांचे लक्ष गेले. लांब केसांचा ‘अंगोरा’ लोकरीसाठी. आपल्याकडे कुलूच्या खोऱ्यात गारसा येथील सरकारी केंद्रात त्याची पैदास झाली.

नावांवर मात्र विसंबू नये. ‘न्यूझीलंड व्हाइट’ तयार झाला अमेरिकेत. ‘हिमालयन’ पांढरा असतो; नाक, कान, पाय व शेपूट, म्हणजे जिथे अंग थंड राहते तेवढेच काळे. पाठीवरचे केस काढून ती जागा थंड ठेवली, तर तिथेही काळे केस उगवतात. जात म्हणजे सारे जन्मानेच ठरलेले असे मानणाऱ्यांनी हा ससा अवश्य पाहावा.

न्यूझीलंड व्हाइटचा आमच्याशी संबंध आला तो वेगळ्या वाटेने. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, वागळे इस्टेट व पुढे डोंबिवलीची वसाहत उभी राहिली, आणि या पट्ट्यात औषधांचे कारखानेही वाढले. शिरेतून द्यायच्या औषधाने रोग्याला ताप तर येणार नाही ना, याची परीक्षा सशावर होई. 1942 साली अमेरिकेच्या अधिकृत औषधग्रंथात ही कसोटी आली. तीन सशांच्या कानाच्या शिरेत औषध टोचायचे व तीन तास अंगातली उष्णता मोजायची. पांढऱ्या कानातली शीर स्पष्ट दिसते, स्वभाव गरीब. म्हणून ही जात निवडली गेली.

असे ससे सांभाळणारा एक कामगार आमच्या संघटनेत होता. ससा चुकीचा धरला तर तो मागचे पाय झाडतो आणि त्याचाच कणा मोडतो. मागचा भाग तळहातावर तोलून कसा उचलायचा, हे तो नव्या पदवीधरांना शिकवी. मालकाच्या कागदावर मात्र ‘अकुशल’! वाटाघाटीत आम्ही एवढेच म्हटले, की साहेबांनी एक ससा स्वतः उचलून दाखवावा. साहेबांनी उचलला नाही. पुढच्या करारात त्याची श्रेणी बदलली.