गुप्त विमानें आणि सृष्टीचे नियम

इ. स. १९५५ नंतरच्या वर्षांतील अमेरिकेंतील एक संध्याकाळ डोळ्यांपुढें आणावी. एक प्रवासी विमान पश्चिमेकडे चाललें आहे. त्याची उंची फार तर वीस हजार फूट. सूर्य क्षितिजाखालीं गेला आहे आणि जमिनीवर अंधार दाटत आहे. इतक्यांत पुष्कळ वर, जेथें कोणतेंहि विमान असूं नये अशा ठिकाणीं, वैमानिकाला अग्नीसारखी झळाळणारी वस्तु दिसते आणि कांहीं वेळानें ती विझून जाते. वैमानिक अनुभवी आहे, सत्यवादी आहे. मग त्याची दृष्टि चुकली म्हणावयाचें, कीं पदार्थविज्ञान चुकलें म्हणावयाचें?

माझ्या मतें दोहोंपैकीं कोणाचेंच चुकलें नव्हतें. "असें यंत्र मला ठाऊक नाहीं, म्हणून असें यंत्र शक्य नाहीं," हें मधलें अनुमान तेवढें चुकलें होतें.

ऑगस्ट १९५५ मध्यें नेवाडा संस्थानांतील ग्रूम लेक नांवाच्या कोरड्या सरोवराच्या पात्रावरून यू-२ हें विमान प्रथम उडालें. रशियाच्या आकाशांतून छायाचित्रें घेण्यासाठीं अमेरिकेच्या मध्यवर्ती गुप्तहेर खात्यानें तें लॉकहीड कंपनीकडून बांधवून घेतलें होतें. त्याच्या पंखांचा विस्तार ८० फूट आणि वजन शक्य तितकें कमी. त्यामुळें साठ हजार फुटांच्याहि वर, विरळ हवेंत, तें तासन्‌तास राहूं शके. त्या काळीं प्रवासी विमानें बहुधा दहा ते वीस हजार फुटांवरून जात. पृथ्वी गोल असल्यामुळें जो जितका उंच, त्याचा सूर्य तितका उशिरां मावळतो. खालच्या विमानांतील माणसाचा सूर्य बुडाल्यावरहि यू-२ वर तो आणखी दहाएक मिनिटें प्रकाशत राही. आणि आरंभींचीं यू-२ विमानें रुपेरी होतीं, काळा रंग त्यांना मागाहून देण्यांत आला. अग्निगोलाचें रहस्य तें एवढेंच.

वेगाचा भ्रमहि असाच उत्पन्न होतो. मोकळ्या आकाशांत तुलनेला झाड नाहीं कीं घर नाहीं. वस्तूचा आकार ठाऊक नसला म्हणजे अंतर कळत नाहीं, आणि अंतर कळल्यावांचून वेग कळत नाहीं. दोन मैलांवरची वस्तु वीस मैलांवर आहे असें समजलें, कीं तिचा वेग दसपट होतो आणि कोणतेंहि यंत्र सोसणार नाहीं अशीं वळणें तिच्या पदरीं बांधलीं जातात.

आतां सरकारचें वर्तन पाहूं. अमेरिकन विमानदलाच्या 'ब्लू बुक' नांवाच्या चौकशीकडे अशा वार्ता येत. तेथील अधिकारी त्या वार्ता गुप्तहेर खात्याच्या उड्डाणांशीं ताडून पाहत. कित्येकांचा उलगडा होई, परंतु पत्र लिहिणाऱ्याला तो सांगतां येत नसे. हिमकण, हवेच्या थरांतील उष्णतेचा उलटा क्रम, अशीं नैसर्गिक कारणें पुढें करण्यांत येत. १९५५ नंतरच्या आणि पुढील दशकांतील अशा वार्तांपैकीं निम्म्याहून अधिक या हेरविमानांमुळें उठल्या, असें एका इतिहासकारानें १९९७ सालीं लिहिलें. हें प्रमाण सर्वांस मान्य नाहीं; मूठभर विमानांवर इतका भार टाकणें मलाहि धाडसाचें वाटतें.

गंमत अशी, कीं जुलै १९५६ मधील पहिल्या स्वारीपासूनच रशियाच्या रडारनें हीं विमानें टिपलीं होतीं आणि रशियन सरकारनें निषेधहि नोंदविला होता. म्हणजे विमान आहे ही गोष्ट शत्रूला ठाऊक होती. अज्ञानांत ठेविला होता तो स्वदेशांतील पत्रलेखक. १ मे १९६० रोजीं स्वेर्दलोव्स्कजवळ एक यू-२ पडलें. तें हवामान पाहणारें विमान होतें असें अमेरिकेनें जाहीर केलें. वैमानिक पॉवर्स जिवंत हातीं लागल्याचें रशियानें सांगतांच तें असत्य उघडें पडलें.

पुढील इतिहास याहून बोधप्रद आहे. रडारला जवळजवळ न दिसणारें एफ्-११७ हें विमान जून १९८१ मध्यें प्रथम उडालें आणि त्याचें अस्तित्व नोव्हेंबर १९८८ पर्यंत सरकारनें कबूल केलें नाहीं. परंतु त्याच्या कोनाकोनांच्या आकृतीमागील गणित? तें प्योत्र उफिम्त्सेव्ह या रशियन शास्त्रज्ञानें १९६२ सालींच मॉस्कोंत ग्रंथरूपानें छापलें होतें, आणि अमेरिकन विमानदलानें १९७१ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर करविलें होतें. यंत्र सात वर्षें कोंडून ठेवितां आलें. ज्या नियमांवर तें उभें होतें ते कोणाहि वाचकाला खुले होते.

तेव्हां गुप्त विमान सृष्टिनियम मोडीत आहे असा भास होऊं शकेल काय? अवश्य होईल, आणि तो चांगल्या माणसांना होईल. परंतु त्यावरून पदार्थविज्ञानांत क्रांति झाल्याची घोषणा करण्यापूर्वीं अंतर, उंची आणि प्रकाश यांचा हिशोब मागावा. जो साक्षीदार प्रामाणिकपणें आपलें निवेदन करतो, त्याची हेटाळणी मात्र करूं नये. त्यानें पाहिलें तें खरें होतें. खोटें होतें तें त्याला मिळालेलें उत्तर. राष्ट्राच्या रक्षणासाठीं मौन धरणें समजूं शकतें. पण मौनाऐवजीं असत्य सांगितलें, म्हणजे पुढें खरें सांगितलें तरी लोक त्यावर विश्वास ठेवीत नाहींत, आणि आकाशांतील प्रत्येक दिव्याला एक दंतकथा चिकटते. ती कोणतेंहि रडार पुसूं शकत नाहीं.