फकिरा, जोगणी आणि हजेरी

१८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याच्या पहिल्या भागाने अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार मानले. दुसरा भाग फारसा कुणी वाचत नाही: त्याने हिजडा समाजातील संशयितांची पोलिसी नोंदवही उघडली. कूळ आणि देह, दोन्ही संशयास्पद ठरवणारा हा एकच कायदा होता! १९११ च्या नव्या कायद्याने त्याचा फास मुंबई इलाख्याभोवतीही आवळला.

वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगलीत आहे. १९२० साली तेथील मांगवाड्यात अण्णा भाऊ साठे जन्मले. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली आली, ती बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण होती, आणि तिला राज्य शासनाचा पुरस्कारही लाभला.

कथा जोगणीपासून सुरू होते. फकिराचा बाप राणोजी शेजारच्या गावाची जोगणी पळवून आणतो आणि त्यात प्राण गमावतो. मान साऱ्या गावाला मिळतो, वैधव्य मात्र राधाच्या वाट्याला येते. पुढे दुष्काळ पडतो, माणसे अन्नावाचून तडफडतात, तेव्हा फकिरा धान्य लुटतो आणि मग सरकारी खजिना. सरकारी दप्तरात हा दरोडा असतो, मांगवाड्यात मात्र त्याने चूल पेटते. हजेरीचा जाच तर रोजचाच.

सरकार फकिराला रणात जिंकू शकत नाही. ते त्याची माणसे, बायकापोरांसह, ओलीस धरते, आणि तेव्हाच तो शरण येतो. सत्तेला बाईची आठवण होते ती अशी, पकडण्याजोगी वस्तू म्हणून.

खरे तर ‘फकिरा’तल्या स्त्रिया बहुधा आई, पत्नी, अब्रू याच चौकटीत उभ्या आहेत, वीरश्रीच्या कथेची ती मर्यादाच म्हणावी. ती चौकट अण्णा भाऊंनीच अन्यत्र मोडली. ‘वैजयंता’त तमाशातील स्त्री केंद्रस्थानी आली, ‘चित्रा’त मुंबईतील देहविक्रयाचा बाजार. तिथे गुन्हा कोण करतो आणि कलंक कोणाला लागतो, हा प्रश्न स्त्रीच्या बाजूने विचारला गेला.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ साली मोडीत काढला, देशभरातून तो १९५२ साली गेला. मात्र ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली त्याच १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा केला, आणि त्यातही नोंदवही होतीच.